दुसऱ्याच्या हातावरचं घड्याळ

माझ्या दादाच्या मनगटावर दर काही दिवसांनी वेगळंच घड्याळ दिसतं, हे सगळ्यांत आधी डेपोतल्या लोकांच्या लक्षात आलं. दादा बसचा कंडक्टर. कधी सोनेरी पट्ट्याचं, कधी काळ्या तबकडीचं, कधी तर चक्क बायकी, नखाएवढं. ड्रायव्हर लोक विचारायचे, "काय रे, सासऱ्यानं कारखाना टाकला की काय?"

"सासऱ्यानं नाही, बायकोनं दवाखाना टाकलाय," दादा म्हणायचा. "हे पेशंट आहेत. जरा फिरायला आणलेत."

ऐकणारे हसायचे. पण त्यात थट्टा फारशी नव्हती. जवळपास सगळं खरंच होतं.

वहिनी दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. हत्यारं उकळायची, साचे ओतायचे, डॉक्टर हात पुढे करतील तेव्हा त्यात नेमकं तेच हत्यार ठेवायचं. तिथली सवय तिच्या बोटांत मुरली होती. घरात कुणाच्या हातात कुसळ गेलं तर ते आम्ही तिलाच काढायला सांगायचो, आणि काढलं हे आपल्याला कळायच्या आत ती ते आपल्याला दाखवायची.

घड्याळांचं खूळ सुरू झालं ते दादाचं घड्याळ धुण्याच्या बादलीत बुडालं तेव्हा. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं ते कानाशी धरलं, हलवलं आणि "टाकून द्या" म्हणाला. वहिनीनं टाकलं नाही. डॉक्टरांनी मोडीत काढलेली दात कोरायची सुई घेतली आणि जेवणाच्या टेबलावर ते उघडलं. उघडलं, आणि कायमचं मोडलं. आता त्याचं वेळ दाखवणं तर गेलंच, पण झाकणही बसेना. दादा म्हणाला, "छान. आधी नुसतं बंद होतं."

एखादीनं नाद सोडला असता. वहिनी भंगारवाल्याकडे गेली आणि मेलेली घड्याळं घेऊन आली. पिशवीभर. ती एकेक उघडायची, सोडवायची, पुन्हा जोडायची. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरला की पुन्हा पहिल्यापासून. स्क्रू म्हणजे खसखशीच्या दाण्याचा तुकडा. आई म्हणायची, "उरला तर उरला. स्वयंपाकात मीठ उरतंच की." वहिनी मान वर न करता म्हणायची, "हा मिठासारखा नाही. हा एखाद्याच्या पाठीच्या कण्यातला आहे."

त्या काळात त्यांच्या घराला एक शिस्तच लागली. घड्याळ उघडं असेल तर पंखा बंद. भर उन्हाळ्यात सगळे घामाघूम होऊन ओट्याशी उभ्यानं जेवत, कारण टेबल अडलेलं. आणि मधूनच हाक यायची, "कुणी हलू नका!" म्हणजे काहीतरी चिमट्यातून उडालं. मग दादा एक पाय उचललेला तसाच, आई दारात तशीच, मी आले असेन तर उंबऱ्यावर तशीच. वहिनी खाली पालथी पडायची आणि टॉर्च फरशीवर आडवी ठेवून पेटवायची. आडव्या उजेडात धुळीच्या कणाचीसुद्धा लांब सावली पडते. त्या सावल्यांच्या जंगलातून ती आपली हरवलेली सावली नेमकी ओळखायची. दादा तिला चिमटाबाई म्हणायला लागला तो तेव्हापासून.

मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलेली. नणंदेचं काम मी चोख करत होते. म्हणजे येऊन चहा घ्यायचा आणि वहिनीच्या खुळावर एखादी कोपरखळी मारायची. एके दुपारी मी म्हणाले, "एवढं काय असतं गं त्यात?" तिनं डोळ्यावरचं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि माझं डोकं धरून टेबलाकडे वाकवलं.

आधी काहीच दिसलं नाही. माझ्याच पापण्या. मग एकदम सगळं स्वच्छ झालं. एका बटणाएवढ्या जागेत एक अख्खं गाव होतं. चाकाला लागून चाक, चाकाच्या दात्यांत दुसऱ्याचे दाते, मध्येच लाल खडे, तेलाचा एक थेंब, जो साध्या डोळ्यांना दिसलाही नसता, तो एखाद्या तळ्यासारखा चमकत होता. आणि एका बाजूला एक चाक पुढे जात होतं, मागे येत होतं, पुढे, मागे. त्याच्या मधली केसाहून बारीक स्प्रिंग फुलत होती, मिटत होती. कुणी ढकलत नव्हतं, विजेचा धागा नव्हता. कुणीतरी सकाळी चावी दिलेली, तेवढ्यावर ते बिचारं एकटं चाललं होतं.

"हे कधीपासून बंद होतं?" मी विचारलं.

"भंगारात होतं. किती वर्षं, कोण सांगणार."

त्यानंतर मी कोपरखळ्या मारायचं सोडलं नाही, पण आवाज खाली आला.

आता त्या मनगटांची गोष्ट. वहिनीच्या लक्षात आलं होतं की टेबलावर प्रत्येक घड्याळ पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाणं असतं. खरे गुण दिसतात ते हातावर. म्हणून दुरुस्त केलेलं घड्याळ ती आधी घरातल्यांच्या हातावर बांधायची. आईचा हात शांत: खुर्चीच्या हातावर विसावलेला, फार तर शेंगा सोलणारा. माझा हात चिरणारा, पुसणारा, मुलांवर उगारलेला. आणि दादाचा हात सगळ्यांत अवघड: डावा वर दांडीला, उजवा तिकिटाच्या यंत्रावर, खाली रस्ता खड्ड्यांचा. वहिनी संध्याकाळी विचारायची, "आईंच्या हातावर बरोबर, यांच्या हातावर मागे पडलं? म्हणजे धक्क्यानं पडतंय." आणि ते घड्याळ पुन्हा उघडायची. माझ्या माहितीत असा दवाखाना दुसरा नाही, जिथे पेशंट बरा झाला की नाही हे सासू, नवरा आणि नणंद मिळून ठरवतात.

हळूहळू शेजारपाजारचे आपली घड्याळं आणून द्यायला लागले. मग त्यांचे नातेवाईक. मग अनोळखी माणसं. एक दिवस वहिनी जेवताना म्हणाली, "मी डॉक्टरांचं काम सोडावं म्हणते. हेच करावं पूर्ण वेळ."

आई ताबडतोब बोलली. "दात किडायचे कधी थांबणार नाहीत. घड्याळं कोण घालतं आता? ज्याच्या त्याच्या खिशात फोन."

"फोन वेळ बघायला काढला की वेळ सोडून बाकी सगळं बघून होतं, हे तुम्हीच म्हणता ना आई?"

"मी काय वाट्टेल ते म्हणते. तू ऐकायला कधीपासून लागलीस?"

दादानं ताटातला शेवटचा घास संपवला. मग म्हणाला, "जमलं तर जमलं. पण टेबल मला परत पाहिजे. मला बसून जेवायचंय."

दाताचे डॉक्टर भले माणूस. ते म्हणाले, "थंडी सरेपर्यंत मी कायमची बाई ठेवत नाही. तुझं तिकडे बसलं नाही तर ये." वहिनीला हा दिलासा होता आणि टांगती तलवारही. त्यानंतर घरात थंडी सरेपर्यंत काय होतं ते सगळेच बघत होते.

तिला जागा मिळाली टेलरमास्तरांच्या दुकानात, समोरच्या खिडकीचा अर्धा भाग. एक टेबल, एक स्टूल, एक दिवा. मास्तरांचं मशीन चाललं की तिचं टेबल थरथरायचं, म्हणून तिनं जुन्या चपलांचे रबरी तुकडे कापून चारी पायांखाली घातले. कापडाचे तंतू उडायचे, आणि तंतू म्हणजे घड्याळाचा वैरी. म्हणून टेबलावर सगळीकडे पालथे काचेचे पेले. प्रत्येक पेल्याखाली एकेका घड्याळाचे अवयव. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, इथे सरबताचं दुकान निघालंय आणि आज सरबत संपलंय.

काम येत होतं. बऱ्यापैकी येत होतं. आणि मग औषधवाले आले.

औषधवाल्यांचं दुकान त्याच रस्त्यावर, कोपऱ्यावर. गल्लीभर त्यांना पाठीमागे कडू डोस म्हणत. सगळ्यांना कधी ना कधी त्यांच्या दारात उभं राहावंच लागे, त्यामुळे ते जे बोलत ते संध्याकाळपर्यंत घरोघर पोचे. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वडिलांनी दुकान हातात दिलं त्या दिवशी हेही दिलं. मी हातात घातलं की बंद पडतं. दोन जणांना दाखवलं. दोघांच्या टेबलावर छान चालतं. दोघंही माझ्याकडे असं बघतात की जणू मी खोटं बोलतोय. तुम्हीही तसंच बघणार असाल तर आत्ताच सांगा."

"बंद पडतं ते कधी?"

"दुकान उघडतो तेव्हा बघतो तर बंद."

वहिनीनं ते उघडलं, साफ केलं, तेल दिलं. टेबलावर उत्तम. आईच्या हातावर उत्तम. माझ्या हातावर उत्तम; मी मुद्दाम जोरजोरात गाद्या झटकल्या तरी उत्तम. मग नेहमीसारखं ते दादाच्या हातावर बांधलं.

पुढचं मला दादानं सांगितलं, आणि सांगताना तो अजूनही कपाळावरचा घाम पुसतो. सकाळची बस. औषधवाले रोज त्याच वेळी ठोक बाजारात औषधं आणायला जातात, पण एरवी दुसऱ्या बसनं. त्या दिवशी ती चुकली. पाठीच्या दुखण्यामुळे ते बसमध्ये बसत नाहीत, दांडी धरून उभे राहतात. दादा तिकिटं देत देत पुढे आला आणि गर्दीत त्यांच्या शेजारीच थांबला. त्याचा डावा हात वर, दांडीला. घड्याळ बरोबर औषधवाल्यांच्या नाकासमोर. चारच्या आकड्यापाशी चहाच्या थेंबासारखा डाग, त्यांच्या ओळखीचा.

"हे घड्याळ कुणाचं?" त्यांनी विचारलं.

माझा भाऊ आयुष्यात कधी धड खोटं बोलू शकलेला नाही. तो म्हणाला, "आज माझं."

"आज तुमचं म्हणजे? उद्या कुणाचं?"

"उद्या बहुतेक आईचं."

औषधवाल्यांनी चालत्या बसमध्ये त्याचं मनगट पकडलं. "हे माझं आहे! माझ्या वडिलांनी दिलेलं! आणि हे बघा, बंद! माझं घड्याळ घालून हिंडतोय आणि वर बंद पाडून ठेवलंय!" मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, तिकिटाचे सुटे पण असेच खात असेल." दादा तिचं काहीही देणं लागत नव्हता. पण बस ती बसच.

त्याच दुपारी मी मास्तरांकडे माप द्यायला गेले होते. औषधवाले आत आले ते घड्याळ मुठीत घेऊन.

"हे दुरुस्तीचं दुकान आहे की भाड्याचं? लोकांची घड्याळं नवऱ्याला घालायला देता?"

वहिनी उभी राहिली.  काय झालं ते तिला क्षणात कळलं होतं, हे मला दिसलं. तिनं हात जोडायला उचललेही.

"आणि घालायचं तर घालायचं, वर बंद!" औषधवाले ओरडले.

वहिनीचे हात हवेतच राहिले. "बंद होतं? बसमध्ये?"

"माझ्या डोळ्यांसमोर!"

"त्यांचा हात कसा होता? वर होता की खाली?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. मी डोळे मिटून घेतले. औषधवाल्यांना हा उद्धटपणाचा कळस वाटला, आणि माझ्याशी कुणी असं बोललं असतं तर मलाही वाटला असता. ते घड्याळ खिशात टाकून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत डोस घरोघर पोचला. दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली, आपापली घड्याळं परत न्यायला. कुणी कारण सांगत होतं, कुणी नुसतंच हात पुढे करत होतं. एक बाई घड्याळ उलटंपालटं करून बघत म्हणाली, "हे कुणी कुणी घातलं होतं ते तरी सांगा." पालथ्या पेल्यांखालची जागा रिकामी होत गेली. मास्तर चांगला माणूस, पण तेही शेवटी म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. माझी गिऱ्हाइकं विचारायला लागलीत, आमच्या पँटी तुम्ही घालून बघता का म्हणून."

घरी आईनं तोंड सोडलं. "लोकांची वस्तू अंगावर घालून मिरवायची नसते, एवढं साधं कळू नये?"

"आई, तुम्हीच तर घालत होता."

"मला काय माहीत तू विचारलं नव्हतंस! मला वाटलं सांगूनसवरून चाललंय! मी तर ते सोनेरी पट्ट्याचं घड्याळ घालून लग्नाला जाऊन आले!"

वहिनी खाली बसली. म्हणाली, "मला विचारायचं सुचलंच नाही. मी शिकले ती भंगारातल्या घड्याळांवर. त्यांना मालकच नव्हते. बरं झालं की मी ते कुणाच्या तरी हातावर बांधायची, आणि ते चाललं की आपण सगळे खूश. मालक असतो, हे मी कधी शिकलेच नाही."



थंडी ओसरत आली होती. डॉक्टरांचा निरोप आला: काय ठरवलंस? वहिनी म्हणाली, दोन दिवस द्या. मला वाटलं, झालं. परत ती उकळलेली हत्यारं आणि साचे. दुसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेले, तर दारातच थबकले. दादा सुट्टीच्या दिवशी, बनियनवर, पडद्याची दांडी धरून उभा होता. वहिनी त्याच्या मनगटाशी कान लावून.

"काय चाललंय?"

"अब्रू गेली, आता कसरत," दादा म्हणाला. "हात भरून आला. खाली घेऊ?"

"नाही," वहिनी म्हणाली. "जरा हलवा. बस हलते तशी."

दादानं खड्डे केले.

औषधवाल्यांचं घड्याळ तिच्याकडे नव्हतं. तिनं भंगाराच्या डब्यातून तशाच बनावटीचं एक शोधून काढलं होतं. मग ते टेबलावर उभं धरलं, चावीची बाजू वर, आणि मला भिंगातून बघायला लावलं. मुख्य स्प्रिंग ज्या चपट्या डबीत असते, ती डबी तिनं सुईच्या टोकानं किंचित दाबली. डबी कलली. इतकी कमी, की ते कलणं मी डोळ्यानं पाहिलं की मनानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"जुन्या घड्याळात डबीच्या मधलं भोक झिजतं, लांबट होतं," ती म्हणाली. "घड्याळ आडवं असलं की डबी नीट बसते. हात वर धरला आणि धक्के बसले की ती कलते, वरच्या पट्टीला घासते. मग सगळंच अडतं. हातातून काढून आडवं ठेवलं, जरा हलवलं, की पुन्हा चालू. त्या दोघांच्या टेबलावर चालणारच. माझ्याही चाललं. औषधवाले खोटं बोलत नव्हते गं. ते रोज बसमध्ये उभे राहतात."

तिच्या आवाजात अब्रू गेल्याच्या दुःखाचा मागमूस नव्हता. एखादीला हरवलेलं मूल सापडावं तसा तो आवाज होता. मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या घरात, याच टेबलाशी, पडद्याच्या दांडीला नवरा टांगून ही बाई एका माणसाच्या मनगटात लपलेला दोष न उघडता बघून आली होती.

आम्ही दोघी औषधवाल्यांकडे गेलो. माणसं रांगेत. त्यांनी वर बघितलं. "काय हवंय?"

"तुमचं घड्याळ," वहिनी म्हणाली.

रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. "हद्द झाली," औषधवाले म्हणाले.

"मी तुम्हाला न विचारता ते दुसऱ्याच्या हातावर बांधलं. ती माझी चूक. मी असं पुन्हा करणार नाही, आणि सगळ्यांसमोर सांगतेय. पण ते तुमच्या घरी बंद पडत नाही, दुकानातही नाही. ते बसमध्ये बंद पडतं. तुम्ही डाव्या हातानं दांडी धरता. दुकान उघडताना तुम्ही बघता, म्हणून तुम्हाला वाटतं दुकानात पडलं."

औषधवाल्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. त्यांचा डावा हात आपोआप थोडा वर गेला, दांडी असते तिथे, आणि तिथेच थांबला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. बहुतेक त्यांच्या बाजूनं बोलणारं हे पहिलंच माणूस होतं.

"मी येईन," ते म्हणाले. "पण घड्याळ माझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही."

"नकोच हलायला."

ते दुकानाला कुलूप लावून आले. मास्तरांनी न सांगता मशीन थांबवलं आणि पंखा बंद केला. औषधवाले स्टुलावर गुडघे जुळवून बसले, जसं माणूस दुसऱ्याच्या ऑपरेशनला बसतो. वहिनीनं झाकण उघडलं. एकेक भाग चिमट्यानं उचलून पेल्याखाली ठेवत गेली. त्यांचे ओठ हलत होते. मनात मोजत असावेत, सगळे परत येतात की नाही. मग तिनं भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं आणि काढलेली पट्टी खाली धरली.

"इथे बघा. कडेला."

ते वाकले. पट्टीच्या आतल्या बाजूला एक चमकती रेघ होती, चंद्राच्या कोरीएवढी, डबीनं घासून घासून काढलेली. ते हलेनात. आम्हाला फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

"ही माझ्या बसची रेघ?" ते शेवटी म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी रोज..."

"रोज."

ते तसेच वाकून राहिले. मग भिंग त्या रेघेवरून हळूहळू बाजूला गेलं, चाकांवरून, लाल खड्यांवरून. आयुष्यभर गोळ्या मोजलेला माणूस. बारीक वस्तूंचं त्यांना नवल नसावं. पण त्यांचा आवाज वेगळाच आला. "हे सगळं माझ्या हातावर होतं? मी भाजी आणायला जायचो तेव्हा? हे एवढं सगळं?"

  मास्तर हळूच उठून त्यांच्या मागे रांगेत उभे राहिले, त्यांनाही बघायचं होतं.

झिजलेल्या भोकात पितळेची नवी कडी बसवायची होती. वहिनीनं ती तिथेच घासून बनवली. औषधं घ्यायला आलेली माणसं कुलूप बघून टेलरच्या दाराशी आली आणि आत बघून तिथेच उभी राहिली. एकजण "क्रोसिन..." एवढं म्हणाला तर बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. शेवटी वहिनीनं ते मागेपुढे होणारं चाक जागेवर सोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते आपणहून हललं, पुढे गेलं, मागे आलं. दारातल्या लोकांना काही दिसलं नव्हतं, कळलं ते फक्त औषधवाल्यांनी सोडलेल्या श्वासावरून.

दुसऱ्या सकाळी ते मुद्दाम दादाच्या बसमध्ये चढले. दादानं सांगितलं, अर्धी बस रिकामी होती. तरी हे दांडी धरून उभे. कुणीतरी म्हणालं, "काका, जागा आहे, बसा की." हे म्हणाले, "मी कामात आहे." शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, उतरले नाहीत, तसेच परत आले. ठोक बाजार राहून गेला. दादा म्हणतो, त्यांनी पूर्ण वेळ खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही.

तिथून ते थेट वहिनीच्या टेबलाशी. मनगट पुढे केलं. चेहरा नेहमीसारखाच कडू. "चाललं," एवढंच म्हणाले.

वहिनीनं त्यांचा हात धरून घड्याळ कानाशी नेलं. "बसमध्ये चाललं. पण मला एवढ्यावर भरवसा नाही. काढून ठेवा. तुम्ही झोपता कसे?"

"काय?"

"रात्री घड्याळ काढता का?"

"नाही."

"मग झोपता कसे? कुठल्या कुशीवर? हात कुठे असतो?"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. गल्लीतल्या अर्ध्या माणसांची दुखणी ज्यांना तोंडपाठ होती आणि ज्यांच्याबद्दल गल्लीला काहीच माहीत नव्हतं, ते औषधवाले सगळ्यांसमोर म्हणाले, "डाव्या कुशीवर. हात गालाखाली. लहानपणापासून." मग पट्टा सोडता सोडता, "तुमच्या घरी डाव्या कुशीवर कोण झोपतं?"

"आई. माझ्या सासूबाई."

"हात गालाखाली?"

"गालाखालीच."

त्यांनी घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं लगेच सोडली नाहीत. "मग त्यांना द्या," ते म्हणाले. "मी सांगितलंय म्हणून सांगा."

ते गेल्यावर बाजूला उभ्या असलेल्या माणसानं खिशातून आपलं घड्याळ काढलं. मागच्या गोंधळात परत नेलेलं. "मी उताणा झोपतो," तो म्हणाला.

वहिनीनं त्याच दुपारी दाताच्या डॉक्टरांना फोन केला. मी शेजारीच होते. "डॉक्टर, तुम्ही नवी बाई ठेवा," ती म्हणाली, आणि पलीकडून ते काय म्हणाले ते ऐकून हसली, आणि डोळे पुसले.

मग आम्ही घरी आलो. आई डाव्या कुशीवर झोपली होती, हात गालाखाली. जेवायला घरी आली होती तेव्हाच वहिनीनं तिला सगळं समजावून, औषधवाल्यांचा निरोप सांगून, ते घड्याळ बांधलं होतं. आम्ही दोघी आवाज न करता पलंगाशी खाली बसलो. मी कान जवळ नेला. आईच्या गालाच्या सुरकुत्या तबकडीवर टेकलेल्या. तिचा श्वास सावकाश, आणि त्याच्या खाली ते घाईघाईनं, बारीक आवाजात, न चुकता. मी हललेच नाही. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा तो हात. त्यावर एका परक्या माणसाच्या वडिलांनी दिलेलं घड्याळ चालत होतं, आणि पलीकडे माझी वहिनी डोळे मिटून, ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होती.

"चालतंय," आई डोळे न उघडता म्हणाली. "आता उठा दोघी आणि मला झोपू द्या. मी कामात आहे."